टाचेचं माप

(बाहेरची खोली. शिवणयंत्राशेजारी स्टँडवर उभी सायकल, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाड कापडाच्या नव्या पिशव्या. बायकोचं कोपर खरचटलेलं.)

बायको: कोपराचं राहू द्या हो. आधी मला सांगा, तुम्हाला हे माहीत होतं?

नवरा: काय?

बायको: पायडल मागे आलं की माझी टाच पिशवीवर आपटते. दर फेरीला. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत कशीबशी गेले, वळायला गेले आणि आडवी झाले.

नवरा: परवा तू पिशव्या लावून बघत होतीस ना, तेव्हा दिसलं मला.

बायको: दिसलं, आणि तोंडाला कुलूप?

नवरा: वाटलं, गल्लीतच कंटाळशील. परत येशील, विषय मिटेल. पडशील असं नव्हतं वाटलं.

बायको: इतकी वर्षं लोकांचे कपडे शिवतेय. गिऱ्हाइकाला म्हणते, जरा बसून बघा, हात वर करून बघा. आणि स्वतःच्या पिशव्या बेतल्या त्या रिकाम्या सायकलवर. ती चूक माझी, मी उसवीन. पण तुम्ही गप्प बसलात याचा राग आलाय मला. वाईटही वाटलंय.

नवरा: चुकलं माझं. पण अगं, सायकल शिकून तुला तीन महिने नाही झाले. बहिणीच्या गावापर्यंत साठ किलोमीटर म्हणजे काय पोरखेळ आहे? मी गाडी घेऊन मागून येतो.

बायको: नको.

नवरा: पिशव्या तरी गाडीत टाक.

बायको: नको म्हटलं ना. पुढे मी, मागे गाडी. वरात काढायचीय का माझी?

नवरा: मग बसने जा. बहीण काय पळून चाललीय?

बायको: बहिणीकडे जायचं म्हटलं की काय ऐकलं मी आजवर? आज ड्युटी आहे, पुढच्या रविवारी सोडतो. एकटी जाते म्हटलं, तर ड्रायव्हरच्या बायकोने कशाला धक्के खायचे. अख्ख्या गावाला बसने पोचवलंत तुम्ही. माझा रविवार काही उगवला नाही.

नवरा: आता रिटायर झालोय. म्हणशील तेव्हा सोडतो.

बायको: आता मला कुणी सोडायला नकोय.

नवरा: वाटेतल्या त्या टेकडीच्या उतारावर मी काय काय पाहिलंय, तुला नाही माहीत. ट्रकवाल्यांना सायकल दिसतच नाही. मला भीती वाटते गं.

बायको: मलाही वाटते. काल डोळ्याला डोळा नाही लागला. तरी जाणार.

नवरा: हट्टीच आहेस.

बायको: आहेच. तो खडू घ्या. मी वर बसते, सायकल धरा आणि टाच कुठवर येते तिथे खूण करा. मला बसल्या जागेवरून दिसत नाही.

नवरा: हं, फिरव पाय. हळू. अजून मागे. थांब, इथे लागतेय. चार बोटं आत घे.

बायको: सहा घेते. दमल्यावर पाय कसाही पडतो.

नवरा: दमलीस की उतर. चढावर ढकलत ने, त्यात लाज कसली? आणि उताराला ब्रेक एकदम आवळू नकोस. थोडा दाब, सोड, परत दाब.

बायको: हे आधी नाही सांगितलंत.

नवरा: आधी तू खरंच जाशील असं वाटलं नव्हतं.

बायको: आता?

नवरा: आता उसवायला घे, नाहीतर उद्या निघायला उशीर होईल. आणि दर तासाला फोन कर.

बायको: पोचल्यावर करीन.

नवरा: आणि तोवर मी काय करायचं?

बायको: वाट बघायची. मी बघितली, तुम्हालाही जमेल.