कोयता कुठं हाय?

पाथर्डीच्या स्टँडवर खाजाभाई बांगड्यांची पेटी घेऊन नगरच्या एसटीची वाट पाहत होते. समोरच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या.

"अश्विने, दवाखानेवाले इंग्रजीतच इचारनार ना? मंग म्हन. कोयता कुठं हाय?"

"आई, पुस्तकात पेन आहे. टेबलावर."

"आपल्यात टेबल न्हाई. कोयता सांग."

"ऑन द वॉल."

"मोळी?"

"ऑन युवर हेड."

"बाप?"

"इन द फील्ड."

"आन मुकादम?"

"अंडर द ट्री."

"सावलीतच असतोय मेला. बराबर."

"तुला काय कळतंय गं, बरोबर का चूक?"

"चुकलीस की वेणी वढतीस. आता न्हाई वढली."

"आई, त्यांनी कामावर घेतलंच नाही तर?"

"काल मुकादम आल्ता. औंदा ऊसतोडीला तुझंबी नाव लिहितो म्हनला, एकटीचा अर्धा कोयता."

"मग?"

"पोरगी नगरला दवाखान्यात कामाला लागली, म्हनून सांगितलं."

"अगं, अजून मुलाखत व्हायचीय!"

"म्हनून तर इचारते. दसऱ्याला टोळी निघंल, तवा अश्विनी कुठं हाय?"

अश्विनीचा हात वेणीवर गेला.

"वेणी सोड आन सांग."

"ॲट द हॉस्पिटल. इन नगर."

"पुन्यांदा म्हन."

"ॲट द हॉस्पिटल, आई. इन नगर."

नगरची गाडी लागली. पेटी उचलता उचलता खाजाभाईंनी पोरीच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात मांडीवर होते.