पुढच्या टाकीतला थर

"दादा, रागावलास का?" असं धाकट्या भावाने पत्रातून विचारून वर्ष उलटलं होतं. म्हातारा रागावला नव्हताच. पण उत्तराचं एकही वाक्य त्याला धड वाटत नव्हतं. आज तो टपाल कचेरीत पेन्शनच्या रांगेत उभा होता. पुढे मैलापाण्याच्या पंपिंग स्टेशनवरून निवृत्त झालेले दोघे बोलत होते, एक बुटका, एक उंच.

"भावोजींना भेटून ये की," बुटका म्हणाला.

"कोणत्या तोंडाने? टाकीवर तेलकट थर धरला की तो उपसायचा असतो. मी साबणाचं गरम पाणी ओतायचो. थर सुटायचा, वास जायचा, साहेब खूश."

"मग बिघडलं काय?"

"अरे, तो थर पुढे वाहत जाऊन गार होतो ना! पुढच्या स्टेशनवर भावोजी. सगळा थर त्यांच्या टाकीत गोठला. पंप तुंबले, गल्लीभर घाण वास. शिव्या त्यांनी खाल्ल्या, बदलीही त्यांचीच झाली."

"त्यांना कळलं?"

"कळलंच असणार. पण ताईपाशी चकार शब्द नाही काढला."

"मग सांगून मोकळा हो."

"शब्द जुळवतोय."

"जुळव! तोवर भावोजी हयात राहतील का? 'चुकलो' म्हणायला कसला मुहूर्त?"

"घरात नाही घेतलं तर?"

"दारातून सांग. वासाने आपलं नाक मेलंच आहे, आता तोंडही मारून टाकतोस?"

खिडकीशी पोहोचल्यावर म्हाताऱ्याने पेन्शनआधी एक कार्ड मागितलं. तिथेच टेकून लिहिलं, "नाही रे. उत्तराला उशीर केला, चुकलो." वाक्य त्याला आवडलं नाही. तरी त्याने कार्ड पेटीत टाकलं.