हप्ता का वाढला?

नारायण पेठेतल्या एका विमा कचेरीत, स्कूटरच्या विम्याच्या रांगेत, माझ्यापुढे वयस्कर नवरा-बायको उभे होते.

“अहो, आपल्या स्कूटरचा हप्ता दरवर्षी कमी होतो. मग अमेरिकेत आमोदच्या गाडीचा कसा वाढला?”

“मी काय त्या कंपनीचा मॅनेजर आहे?”

“कुठे ठोकली असेल का त्यानं?”

“नाही म्हणाला. गाडी तीच, घर तेच. आता स्वस्तातली कंपनी शोधत बसलाय.”

“परदेशी म्हणून जास्त लावत असतील.”

“परदेशी तो गेल्या वर्षीही होताच की.”

“मग?”

“शेजारच्या गोडबोल्यांचा जावई सांगत होता, तिकडे लग्न झालेल्याला विमा स्वस्त पडतो. एकट्या माणसाला महाग.”

“काहीतरीच! विम्याचा नि लग्नाचा काय संबंध?”

“घरी बायको असली की माणूस गाडी जपून चालवतो म्हणे.”

“मग आपल्या आमोदला स्वस्तच पडायला हवा. केतकी आहे ना घरात.”

“तेच तर कळत नाही.”

बाईंनी हातातले विम्याचे कागद उलटसुलट करून पाहिले.

“रविवारी फोनवर केतकी काय म्हणाली तुला?”

“बोलणं नाही झालं. आंघोळीला गेली होती.”

“त्याच्या आधीच्या रविवारी?”

“तेव्हाही आंघोळीलाच गेली होती.”

“आपण सकाळी फोन करतो तेव्हा तिकडे रात्र असते ना गं?”

“थंडी असते हो तिकडे. रात्री कढत पाण्यानं आंघोळ केली की झोप चांगली लागत असेल.”

“हं. सरक पुढे.”