धरणावरचा मास्तर

तुमी हसाल, पण दोन हजार सालची ही गोष्ट खरी हाय. कालव्यावर पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची जागा निघाली होती. माझं नोकरीचं वय उलटत आलेलं, म्हणून ही शेवटचीच मुलाखत. सिद्धेश्वर धरणावर एक म्हातारा रोज भेटायचा अन् साहेब बनून मला प्रश्न विचारायचा. म्हणायचा, "घाई करू नको. आंगठ्यानं बोटाची तीन पेरं मोज, मंग बोल."

मुलाखतीत मी बराबर तसंच केलं. रिटायर व्हायला आलेले साहेब माझ्या बोटांकडंच बघून राहिले.

"धरणावरच्या म्हाताऱ्यानं शिकवलं काय?"

"व्हय साहेब. ऐंशीचा असंल."

साहेबांचा आंगठा बोटाच्या पेरांवरून हळूहळू सरकला. एक, दोन, तीन. मंग म्हणाले, "मला शिकवलं, तवाबी ऐंशीचाच होता."