मोटार, खडी आणि आमचे हे

हॅलो?… हॅलो! हो, बऱ्हाणपूर. दिगंबरदादाच्या केळीच्या वखारीतून… द्या, भोपाळ द्या. आमचेच हे असतील.

अहो, मी लीला… लीला! बायको तुमची!

बरी आहे… 'कैसी हो' काय? मराठीत विचारा ना! नागपूरचं ऑफिस भोपाळला गेलं, म्हणून घरातलं बोलणंपण गेलं का?

हो, हो… मोटार ना? झाली सगळी तयारी. दादाच्या बोटीची मोटार मी ओळखत नाही? रोज जैनाबादहून केळी आणते ती… पेट्रोल काढलं. नळी सोडवली. पंख्याला माझं जुनं लुगडं गुंडाळलं… हो, तेच जांभळं. मग काय नवं गुंडाळू?

बोट ट्रेलरवर चढवली, ट्रेलर जीपला लावला… अहो, ऐका ना! सकाळी तुम्ही सांगितलं तेपण केलं.

खडी हो, खडी!

तुम्हीच म्हणालात, 'मोटर खडी रखकर लाना.' मी दोनदा विचारलं, खडी? तुम्ही म्हणालात, हां हां, खडी… म्हटलं, एवढा लांबचा रस्ता, बोट उडू नये म्हणून वजन टाकायचं असेल. वखारीतल्या दगाभाऊंनी निंबोल्याच्या रस्त्याच्या कामावरून बैलगाडी भरून आणली… काठोकाठ! मोटार आडवी निजवली. खाली केळीची सोपटं, वर खडी. नुसतं डोकं दिसतंय तिचं.

हॅलो?… अहो, रडताय का?

…उभी? म्हणजे उभी ठेवायची?… मग उभी म्हणायला काय झालं होतं! येते मला हिंदी. बाजारात येते. नवऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय नाही!

…नाही, कुठली निघते! जीप नुसती घुरघुरतेय. ट्रेलरचं एक चाक रुतलंय, दुसरं बसलंय. दगाभाऊ म्हणतात, 'ताई, इतकी वर्सं नदीत नाई बुडाली, आज जमिनीत बुडाली.'

…माहीत आहे हो, उद्या तळ्यावर साहेबाला फिरवायचंय! साहेब खूश झाला की तुमची बदली इकडे. त्याच आशेवर तर बसलेय मी. घर खायला उठतं इथं. मेला तो साहेब आणि मेलं त्याचं तळं!

…काय? त्याच्याच फोनवरून बोलताय? शेजारी उभा आहे?… अगं बाई! म्हणून ही हिंदी होय! आधी नाही सांगायचं? माझा आवाज जातोय का तिकडे?… बरं, त्याला मराठी थोडंच कळतंय…

…नागपूरचे? साहेब नागपूरचे?… मग दोघं मिळून कशाला हिंदी झाडताय!

कोण हसतंय ते?… साहेब? काय म्हणाले?… 'रजा घ्या, स्वतः जा आणि मोटार उभी करून आणा'?… खरंच? अहो, नमस्कार सांगा त्यांना! मी 'मेला' म्हणाले ते सवयीनं, म्हणावं!

मग तुम्ही कधी… काय? मोठ्यानं बोला… 'मैं आता हूँ'?… अहो, आता म्हणजे येतो, की आता म्हणजे आत्ता?… मराठीत सांगा!… हॅलो?… हॅलो!

गेली लाइन.

दगाभाऊ! ओ दगाभाऊ! ती खडी उपसू नका हो. हे येईपर्यंत बोट हलता कामा नये!