कारण सापडलं पाहिजे

बाजूनं या दादा, काचा आहेत — चप्पल राहू दे पायात. तुमच्या बहिणीचे कपडे त्या कपाटात आहेत, तेवढं एक धड राहिलंय. चार दिवसांचेच न्या, बरी झाली की इथंच यायचंय तिला. असं काय बघताय? चोर नाही आले, मीच केलं हे. डॉक्टरच म्हणाले ना, कारण सापडलं पाहिजे, नाहीतर पुन्हा होईल — मग शोधलं मी.

न्यूमोनिया, पण जंतूंचा नाही म्हणे. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी असतात, लढायच्या कामाच्या — त्या फुप्फुसात घुसून बसल्या, नळी घालून तिथलं पाणी काढलं तेव्हा कळलं. याचा एक प्रकार जुनाट, दमेकऱ्यांना जास्त, महिनोन्महिने खोकला. एक पोटातल्या जंतांनी होतो, तो बहुतेकदा आपोआप जातो. आणि हिला झाला तो एकदम उसळणारा — पाच-सहा दिवसांपूर्वी चालतीबोलती बाई, आज तोंडाला ऑक्सिजनचा मास्क. कशानं? मीही तेच विचारलं. जंत, बुरशी, एखादी गोळी, धूळ, धूर — आणि कधी कधी कारणच नसतं म्हणे. नसतं कसं? कोणीतरी केल्याशिवाय होतं का काही?

जंत म्हटल्यावर आधी कुत्रा — तिचा लाडका, माहितीय तुम्हाला — फळीनं असा हाणला की मागचे पाय ओढत गेला, परत आलाच नाही. मग बुरशी. न्हाणीघराची ओली भिंत घणानं पाडली, कूलरचा चुरा केला, खिडक्या त्यातच गेल्या. राहिल्या गोळ्या, ती घेत होती त्या लघवीच्या जळजळीच्या — त्या विकणाऱ्या औषधवाल्याला कॉलर धरून काउंटरवरून बाहेर ओढला, तोंड फुटलं त्याचं. पोलिसांत गेलाय, जाऊ दे. खालच्या कारखान्यातला लाकडाचा भुसा? तो माझा आहे, दादा. त्याच्यावर घर चालतं, त्याला कशाला हात लावू?

धूर तेवढा सोडून दिला. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी माझ्यासमोर विचारलं होतं — सिगारेट ओढता का, नुकतीच सुरू केलीय का? तिनं आधी माझ्याकडे बघितलं — माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे — आणि मान हलवली. नाही. ओठ निळे पडलेले, श्वास पुरत नव्हता, तरी नाही. मग साध्या न्यूमोनियाचीच औषधं चालली; त्या पेशी सापडल्या तरी जंत-बुरशी नाही हे कळेपर्यंत स्टेरॉइड देता येईना, तिकडे ती बुडत चाललेली. आणि काल मी इथं भिंत पाडत होतो, तेव्हा नर्सनं तिला एकटीला विचारलं. लगेच हो म्हणाली. सुरू करून महिनाही झाला नव्हता म्हणे — मी खाली करवत सुरू केली की ही गच्चीवर जायची. नव्यानं ओढणाऱ्यांनाच गाठतो हा प्रकार. स्टेरॉइड लागू पडलं, वाचली.

पण मला का नाही सांगितलं? मी काय मारलं असतं तिला, एका सिगारेटपायी?

मारलं असतं. तुम्हालाही ठाऊक आहे — मारलंच असतं. जीव जात होता तिचा, तरी माझ्यासमोर हो म्हणाली नाही.

अहो, सगळे कशाला भरताय? चार दिवसांचे म्हटलं ना मी. मान काय हलवताय — येणार नाही? हे तुम्ही ठरवलंत की तिनं?

तिनं.

निघा, दादा. आत्ताच्या आत्ता निघा — अजून थोडा वेळ थांबलात तर माझ्या हातांचा मला भरवसा नाही.