आत्याची टोपली

माजा जन्म डोळखांबकडच्या एका पाड्यावरचा. कुठलं साल ते नाय सांगता येणार. आई बोलायची नाचणी कापायला आली होती तवा तू झालीस, आता नाचणी तर दरवर्षी कापायला येते, त्यातली कुठली ते तिलाच ठाऊक. आमची जमीन नाय. पावसात दुसऱ्याच्या शेतात भाताची आवणी करायची, आणि दिवाळी झाली का वीटभट्टीवर जायचं, भांडी, कोंबड्या, पोरं सगळं टेम्पोत घालून. लग्न झालं शेणव्याच्या बाजूला, तिकडं पण तेच, पावसात शेत आणि उन्हाळ्यात भट्टी. नवरा शांत माणूस. सासूला मी आत्या बोलायची. आत्याचा आवाज मोठा, सासरा लवकर गेलेला, मंग घरात ती बोलेल तेच.

मला मूल झालं ते भट्टीवर, कल्याणच्या पुढं. मुलगी होती. रडली नाय ती. काय सांगू तुम्हाला, तिचे केस किती दाट होते, तेवढं आठवतं. मला ताप चढला, तवा नवऱ्यानं जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथं एक सिस्टर होती, केरळची, मराठी तिचं मोडकंतोडकं. तिनं मला अंघोळ घातली, माझे रक्ताचे कपडे आपल्या हातानं धुतले, आणि शेजारी बसून राहिली. मी बोलली, सिस्टर, तुमी माजं हे का करता, मी कोण तुमची. ती बोलली, माझ्या येशूनं माजं केलं, म्हणून मी तुजं करते. येवढंच. पुस्तक नाय, भाषण नाय. मला तो येशू बघायचा होता, जो असे कपडे धुतो.

मंग पाड्यावर परत आलो तर आमच्याकडं एक म्हातारे पास्टर यायचे, मुरबाडहून एसटीनं, खांद्याला कापडी पिशवी. चार घरं प्रार्थनेला बसायची. मी बसली, मागून नवरा बसला, आमी दोघांनी बाप्तिस्मा घेतला. आत्यानं त्याच दिवशी अंगणात तीन दगड मांडले आणि आपली चूल वेगळी केली.

आत्याचे देव एका टोपलीत असायचे, आतल्या कोपऱ्यात, खुंटीला टांगलेली टोपली. मोराची पिसं बांधलेला हिरवा, म्हणजे आमच्याकडचा घरचा देव, शेंदूर लावलेले दोन दगड, मूठभर तांदूळ. ते तिनं तिच्या बापाकडून आणलेले, टोकावड्याच्या वरच्या पाड्यावरून. मी ते कवा शिवली नाय. सारवताना तेवढा कोपरा ती स्वतः सारवायची. पुढं पुढं तिच्या डोळ्यांत पडदा आला, दिसेना, तरी सकाळी उठून हातानं चाचपत जायची आणि टोपलीला हात लावूनच बाहेर पडायची.

मला परत दिवस गेले नाय. वर्षं गेली. आत्या येता जाता बोलायची, देव सोडलेस ना, आता बस. मी ऐकून घ्यायची. रडू आलं तर लाकडाला जायची.

मंग म्हातारे पास्टर आजारी पडले आणि त्यांच्या जागी एक दुसरे उपदेशक यायला लागले. तरणे, मोटारसायकलवर यायचे, आवाज येवढा गोड का बायका गाण्यातच रडायच्या. माणूस वाईट नव्हता, मी कवा तसं बोलणार नाय. पण त्यांना सगळं लगेच कळायचं. कोणाला ताप आला तर का आला, कोणाची म्हैस मेली तर का मेली. एकदा प्रार्थनेत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलले, देवानं मला दाखवलंय, तुज्या घरात कोपऱ्यात एक टोपली हाय, तिनंच तुजी कूस बांधलीय. ती बाहेर काढ, जाळ, पुढचा पाऊस यायच्या आत तू पाळणा बांधशील.

आता टोपलीचं पाड्यात सगळ्यांना माहीत होतं. पण त्या वेळेला मला वाटलं देवच बोलला.

घरी आलो तर नवरा बोलला, आई हळदीला गेलीय पलीकडच्या पाड्यावर, संध्याकाळशिवाय येत नाय, आत्ताच काय ते करू. मी टोपली खुंटीवरून काढली. हलकी होती हो, मला वाटलं होतं जड असेल. मांडीवर घेऊन बसली. बोलली, देवा, तूच सांग, हा तुजा शब्द हाय का. काय नाय ऐकू आलं. बाहेर कोंबड्या, दुसरं काय नाय. मी बसूनच राहिली, आणि मला दिसलं का आत्या घरी आलीय, चाचपत कोपऱ्यात गेलीय, आणि तिचा हात खुंटीला लागतोय, नुसत्या खुंटीला. परत फिरवतेय हात, भिंतीवर, खाली, परत वर. मला तो हात सहन नाय झाला. मी बोलली, येशू, तू कपडे धुणारा, तू एका आंधळ्या बाईच्या हातातून काय हिसकावणार नायस. मला मूल पायजे, लई पायजे, पण हे तुजं बोलणं नाय वाटत. आणि मी टोपली परत टांगली.

नवरा रडला. पहिल्यांदा बघितलं त्याला रडताना. बोलला, तुला मूल नको का गो. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

रविवारी उपदेशकांनी विचारलं. मी खरं सांगितलं, नाय जाळली. ते सगळ्यांसमोर बोलले, हिचा विश्वास कमी, हिनं प्रभुभोजनाला बसू नये. बायकांनी माना खाली घातल्या. मला तोंड होतं, मी भट्टीवर मुकादमाशी भांडलेली बाई, पण मी नाय बोलली. मनात येवढंच, कदाचित माजंच चुकलं असेल, मग मी उलट बोलून काय मिळवू. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षाचा रस माझ्यासमोरून पुढं गेले. मी दाराशी बसून गाणी म्हटली. प्रार्थना संपल्यावर नेहमी झाडायची तशी ती जागा झाडली आणि घरी गेली. असं बरेच रविवार.

म्हातारे पास्टर बरे होऊन आले तवा मी त्यांना सगळं सांगितलं. बोलली, मला कसं कळावं कुठला आवाज देवाचा आणि कुठला माझ्या मनाचा. ते बशीत चहा ओतून बसलेले. बोलले, बाई, मला पण लवकर कळत नाय. मी येवढंच बघतो, हा शब्द ऐकला तर मी कोणाच्या जवळ जातो का कोणाला लांब करतो. आणि मग थांबतो. घाईनं जाळलेलं परत आणता येत नाय. मी विचारलं, मग उपदेशक खोटे का. ते बोलले, त्यांच्यासाठी प्रार्थना कर, माझ्यासाठी पण कर, आमी दोघं लोकांसमोर उभं राहून बोलतो, आमाला जास्त गरज. मंग पुढच्या रविवारी त्यांनी भाकर मोडली आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

पाड्यात गोष्ट लपत नाय. आत्याला कळलं. दोन-चार दिवस नुसती ओट्यावर बसायची. मंग एका सकाळी मी भाकर थापत होती तर ती चाचपत चुलीपाशी आली, बसली, आणि ताट पुढं केलं. मी बोलली, आत्या, तुमची चूल? ती बोलली, दिसत नाय गो आता, हात भाजतो. दिसत तर तिला कवापासून नव्हतं. मी भाकर वाढली. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच चूल.

ती गेली त्याच्या आधी मला बोलली, सुमन, तू तुज्या देवाची, तुज्या गळ्यात मी माजे नाय घालत. पण मी गेल्यावर यांना माझ्या भावाच्या घरी पोचव, दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नको. तिचं दिवसकार्य झाल्यावर मी निघाली. डोळखांबची गाडी, शहापूर, मुरबाड, तिथून टोकावडे, सगळा वेळ टोपली मांडीवर, वरून लुगड्याचा पदर. कंडक्टर बोलला कोंबडी असेल तर तिकीट लागेल. मी बोलली सासू हाय. तो पुढच्या सीटकडं गेला. प्रार्थनेतली काही मंडळी बोलली, ख्रिस्ती बाई देव वाहून नेते. नेले. मेलेल्या बाईला शब्द दिला होता, आणि तिचा भाऊ टोपली घेताना माझ्या पाया पडायला वाकला, तर मी आधी वाकली.

मूल मला परत नाय झालं. कवा कवा वाटतं, जाळली असती तर? मी खोटं नाय सांगणार, वाटतं. मंग भाकर थापताना आत्या समोर बसलेली आठवते आणि ते वाटणं निघून जातं. परत येतं, परत जातं.

आता पोरीबाळी माझ्याकडं येतात, मावशी प्रार्थना कर, मावशी देव काय बोलतो सांग. काल एक आली, लग्नाला पाच-सहा वर्षं झालेली, कोणीतरी तिला पण काहीबाही सांगितलंय. मी बोलली, मला नाय कळत गो देवाच्या मनातलं, आपण मागू, आणि तुमी दोघं शहापूरच्या डॉक्टरांना दाखवा. ती बोलली, मावशी, तुला नाय दिलं, तू त्याच्यावर रागावली नायस? मी बोलली, लई वेळा रागावली, तो ऐकून घेतो. ती हसली, मंग रडली, मंग बोलली भूक लागली. बोंबलाचं कालवण होतं, दोघी जेवलो. उद्या सकाळच्या गाडीनं तिला डॉक्टरांकडं घेऊन जायचंय. तुमी येवढं लिहून घेतलंत, तुमचा देव कोण ते मी नाय विचारत, पण जो असेल त्याच्याकडं त्या पोरीसाठी एक शब्द टाका.